निसान आरबी२६ : चाकांवर ४०० किलोवॅट हवेत, पण आधी तेलाचं बघू

यंत्रवेडा (मेलबर्न)

नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं. आता इंजिन खाली उतरलंय, ब्लॉक मशीन शॉपमधून यायला अजून दोन आठवडे आहेत, रिकाम्या स्टँडकडे बघत बसण्यापेक्षा म्हटलं धागाच काढावा. टर्बो गाड्यांचा नाद असलेले आपल्यात बरेच जण आहेत पण चर्चा सगळी "किती घोडे निघाले" इथेच थांबते, घोडे निघाल्यावर इंजिन जगवायचं कसं यावर मला बोलायचंय.

गाडी निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३३, १९९६ ची, जपानहून इकडे आलेली. इंजिन आरबी२६डीईटीटी. सरळ सहा सिलिंडर, २५६८ सीसी, बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ७३.७, ब्लॉक बिडाचा, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे) आणि सहा सिलिंडरना सहा वेगळे थ्रॉटल. कागदावर २८० पीएस (मेट्रिक घोडे), कारण त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेलं की याच्या वरचा आकडा छापायचा नाही.

२५६८ हा आकडा उगाच आलेला नाही. ग्रुप ए रेसिंगमध्ये टर्बो इंजिनाची सीसी १.७ ने गुणायचे, गुणून बघा, ४३६५.६ येतात, म्हणजे ४५०० च्या गटात बरोब्बर बसतं. रेसमध्ये यातून ६०० च्या आसपास घोडे काढायचे हे धरूनच ब्लॉक ओतलेला. आर३२ ने (माझ्या आर३३ च्या आधीचं मॉडेल) जपानच्या टूरिंग कार मालिकेत १९९० ते १९९३ या चार सीझनमध्ये २९ पैकी २९ शर्यती मारल्या आणि इकडे बाथर्स्टला १९९१ आणि १९९२ लागोपाठ. "गॉडझिला" हे नावसुद्धा ऑस्ट्रेलियातल्याच एका मासिकाने दिलेलं. त्यामुळे या इंजिनाचं काम जाणणारी माणसं इथे भरपूर.

आता माझी चूक सांगतो, कारण सगळा धागा त्यावरच आहे. मागच्या वर्षी विंटनला ट्रॅक डे होता. गाडी तेव्हा चाकांवर २९० किलोवॅट देत होती. संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) मूळचा, ऑइल पंप मूळचा, हेडकडे (सिलिंडरच्या वरचा भाग) जाणाऱ्या तेलाला कुठे अडवलेलं नाही. दुसऱ्या सेशनमध्ये लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा पाच बारवरून दीडवर आला आणि वळण संपलं की परत वर गेला. मी डोळ्यांनी बघितलं. तिथेच गाडी आत घ्यायला हवी होती, घेतली नाही, वाटलं सेन्सर असेल, आणखी तीन लॅप मारले. पिटमध्ये आलो तेव्हा आयडलला खालून टकटक, रेस दिली की वाढणारी.

घरी आणून फिल्टर काढला, डबा कटरने गोल कापला, आतला कागद उलगडून पांढऱ्या फडक्यावर पिळला. घडीघडीत चमकी. चुंबक फिरवला तर चिकटेना, म्हणजे लोखंड नव्हे, बेअरिंगचं अस्तर. रॉडच्या कॅप उघडल्या तर पाच नंबरचं बेअरिंग पार तांब्यापर्यंत घासलेलं आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं ती गुळगुळीत जागा) नखाला लागतील असे ओरखडे.

या इंजिनाचं दुखणं माहीत असलेलंच आहे. वर हेडमध्ये तेल जितकं जातं तितक्या वेगाने खाली उतरत नाही. आरपीएम वर ठेवून बराच वेळ पळवलं की तेल वरच साठतं, त्यात पिस्टनच्या बाजूने गळणारा वायू क्रँककेसमध्ये दाब करतो आणि उतरणाऱ्या तेलाला त्याच वाटेने उलटा ढकलतो. खाली संपमध्ये उरतं थोडं, ते वळणात एका कुशीला जातं, पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. बेअरिंगला तेवढे दोन सेकंद पुरेत. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला म्हणजे वायूची गळती वाढली, म्हणजे हे सगळं अजून लवकर. म्हणून म्हणतो टर्बो नंतर.

आता बेत असा. चाकांवर ४०० किलोवॅट, म्हणजे इंजिनावर साधारण ६३० घोडे धरून चाललोय. बोअर ८६.५, फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, स्ट्रोक मूळचाच. दोन टर्बो काढून एकच, बोर्गवॉर्नरचा ईएफआर ८३७४, ट्विन स्क्रोल. इंधन ई८५ (८५ टक्के इथेनॉल). पण पैसे आधी कुठे गेले ते सांगतो: संपला दोन्ही बाजूंना पंख वेल्ड करून साडेतीन लिटर तेल वाढवलं आणि आत बिजागरीच्या झडपा टाकल्या, (या गाडीत पुढच्या चाकाचा शाफ्ट संपच्या पोटातून जातो, त्यामुळे नुसता खोल संप करता येत नाही), ऑइल पंपला स्टीलचे गिअर, क्रँकला नवा डॅम्पर (थरथर शोषणारा), हेडच्या दोन तेलवाटांपैकी एक बंद आणि दुसरीत दीड मिमीचा रिस्ट्रिक्टर (वाट बारीक करणारा), हेडच्या मागून संपला बाहेरून जाड ड्रेन आणि मोठा कॅच कॅन (वायूबरोबर येणारं तेल पकडणारा डबा). या यादीतल्या एकाही वस्तूने एक घोडासुद्धा वाढत नाही.

प्रश्न दोन. पिस्टन क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) किती ठेवू, आणि २.८ चा क्रँक (जास्त स्ट्रोकचा, इंजिन २.८ लिटर करणारा) न घेऊन चूक करतोय का?

कोल्हापुरी_पिस्टन

भावा नाद खुळा गाडी, आणि चूक उघड सांगितलीस ते लई बरं केलंस, लोक बेअरिंग गेलं की तेलाच्या ब्रँडला शिव्या घालून मोकळे होतात.

उद्यमनगरात बोअरिंग होनिंगचं (बोअर आतून घासून अचूक करायचं) काम बापापासून बघतोय, आमच्याकडं ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिनं जास्त पण लोखंड ते लोखंडच. पहिली गोष्ट, होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घे. हेडचे बोल्ट आवळले की बोअर गोल राहत नाही, बोल्टच्या बाजूला किंचित ओढला जातो. नुसत्या उघड्या ब्लॉकला गोल होन केलास तर हेड बसल्यावर तो गोल नसतो. जाड लोखंडी प्लेट, तेच बोल्ट, तोच टॉर्क, तीच गॅस्केट, आणि मग होन. आणि मेन कॅपपण आवळलेल्याच पाहिजेत.

क्लिअरन्स पिस्टनवाला देतो त्याच्या खाली जायचं नाही. तुझा पिस्टन २६१८ मिश्रधातूचा असणार, तो गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून थंडीत सैल ठेवावा लागतो आणि सकाळी चालू केल्यावर खडखड वाजतो. वाजू दे. बूस्टच्या इंजिनाला ०.०९ मिमी च्या आसपास ठेवतात. घट्ट ठेवून शांत चालवायच्या नादात पिस्टन धरला तर अख्खा बोअर जातो.

क्रँक तोच वापरणार का दुसरा?

यंत्रवेडा

दुसरा. वापरलेलाच पण सरळ मिळाला, चुंबकीय पावडर लावून तडा तपासला, जर्नल नुसते पॉलिश केले. ओरखडे पडलेला ग्राइंड करून घेता आला असता पण मनातून तो उतरला होता.

टॉर्क प्लेटचं मशीन शॉपला विचारलं, त्यांच्याकडे आरबीची आहे. ०.०९ लिहून ठेवतो, धन्यवाद दादा.

घाटमाथा

वाचतोय. माझी ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे, नुसता स्टेज १ रिमॅप (इंजिनाच्या प्रोग्राममध्ये पहिल्या पायरीचा बदल) केलाय. मला हे समजून घ्यायचंय की एक मोठा टर्बो लावला तर खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी नाही का होणार? दोन छोटे टर्बो लवकर फिरतात असंच ऐकलंय. आणि ट्विन स्क्रोल म्हणजे नक्की काय?

स्नेहल_पुणे

यात मी थोडं लिहू शकते, इंजिन कॅलिब्रेशन हेच माझं रोजचं काम आहे.

ट्विन स्क्रोल आधी. सहा सिलिंडरचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये १-२-३ एका वाटेने आणि ४-५-६ दुसऱ्या वाटेने टर्बाइनपर्यंत वेगळे नेले तर प्रत्येक वाटेत दर २४० अंशांनी एकच धक्का येतो. एका सिलिंडरचा वायू बाहेर पडत असताना शेजाऱ्याचा धक्का त्याच्या अंगावर येत नाही, धक्क्याचा जोर टर्बाइनवर पुरा पडतो. सरळ सहा ही मांडणी याला जणू बनवल्यासारखी आहे. शिवाय त्या ईएफआरचं टर्बाइन चाक टायटॅनियम ॲल्युमिनाइडचं आहे, नेहमीच्या निकेलच्या चाकाच्या मानाने खूप हलकं, म्हणून आकाराच्या मानाने लवकर उठतं. आरबी२६ चे मूळचे टर्बाइन सिरॅमिकचे होते तेही हलकेपणासाठीच, पण बूस्ट वाढवला की ते चाक शाफ्टवरून सुटतं. ज्यांनी मूळ टर्बो ठेवलेत त्यांनी बूस्टच्या वाटेला जाऊच नये.

आता उष्णता. बाहेर ३० अंश, बूस्ट दीड बार म्हणजे दाब अडीच पट, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १५५ अंशांच्या आसपास असते. चांगला इंटरकूलर तिला ५५ पर्यंत आणेल. ही १०० अंशांची उतरण मिळाली नाही तर तुमचा ट्यूनर कितीही हुशार असू दे, नॉकिंगच्या (इंधन आपोआप धडाक्याने पेटण्याच्या) भीतीने टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार आणि पॉवर तिथेच जाणार.

२.८ बद्दल माझं मत: घेऊ नका. ७३.७ स्ट्रोकला ८००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग १९.७ मीटर प्रति सेकंद येतो, ७७.७ ला २०.७. टॉर्क खाली लवकर येईल हे खरं, पण तुमचा गिअरबॉक्स पाच गिअरचा मूळचा आहे ना? त्याला मारतो तो टॉर्क.

यंत्रवेडा

ताई, एकदम मुद्द्याचं. गिअरबॉक्स मूळचाच. ट्यूनरला तेच सांगितलंय, ६५० न्यूटन मीटरच्या वर जायचं नाही, पहिल्या दोन गिअरला बूस्ट कमी, पॉवर वरच्या आरपीएमला काढायची. २.८ चा विषय संपला.

दुबईकर

इथे उन्हाळ्यात ४५ अंशात गाडी चालवतो त्यावरून सांगतो, स्नेहल यांचंच गणित ४५ ला मांडलं तर कॉम्प्रेसरमधून १७५ च्या पुढे हवा येते आणि तोच इंटरकूलर तिला ७० वर सोडतो. आम्ही जून ते सप्टेंबर बूस्ट खाली करूनच फिरतो, त्यासाठी वेगळा मॅप (इंजिनाच्या सेटिंगचा संच) ठेवलाय. ऑइल कूलर लावलास का? यादीत दिसला नाही. तेल १२० च्या वर जायला लागलं की पातळ होतं, प्रेशर पडतं, मग संप कितीही मोठा करून उपयोग काय.

यंत्रवेडा

लावलाय, लिहायचा राहिला. थर्मोस्टॅटसकट, कारण मेलबर्नच्या हिवाळ्यात तेल गरमच होत नाही आणि गार तेलावर बूस्ट देणं तेवढंच वाईट.

कोल्हापुरी_पिस्टन

ई८५ चं जरा सांग की. आमच्या पंचगंगेच्या काठाला उसाची मळी म्हणजे इथेनॉलच, इकडं आता पेट्रोलमध्ये २० टक्के झालं, लोक मायलेज कमी झालं म्हणून ओरडत्यात आणि तू ८५ टक्के घालून पॉवर वाढवतोस. दोन्ही खरं कसं?

यंत्रवेडा

दोन्ही खरंच आहे भावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त लागतं. पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई८५ ला ९.८ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त घालायचं. पण टर्बो इंजिनात पॉवर अडते ती नॉकिंगपाशी, आणि इथेनॉल एक तर ऑक्टेनला वर, दुसरं म्हणजे वाफ होताना पेट्रोलच्या अडीच पट उष्णता ओढून घेतं. त्यात घालतो पण जास्त. सिलिंडरच्या आतच गारवा. म्हणून टायमिंग पुढे घेता येतं, बूस्टही देता येतो.

हिशोब मांडला तो असा. ६३० घोड्यांना ई८५ ताशी २२९ किलो, म्हणजे साधारण २९३ लिटर. मिनिटाला जवळजवळ पाच लिटर! सहा इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी ८१५ सीसी, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून ९६० चा हवा. १००० चे बेतास बात झाले असते, १३०० चे घेतले. मूळचे ४४४ चे आहेत. टाकीत पंप दोन, कारण रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन देणारी नळी) दाब तीन बार अधिक बूस्ट आणि दाब वाढला की पंपाचा फ्लो पडतो. पंपावर मिळणाऱ्या ई८५ मध्ये इथेनॉल दर वेळी तेवढंच असेल असं नाही, म्हणून लाइनमध्ये फ्लेक्स सेन्सर, तो टक्केवारी वाचून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगतो आणि मॅप त्याप्रमाणे सरकतो. हा सेन्सर न लावता ई८५ वर ट्यून करू नका, कळकळीने सांगतो.

घाटमाथा

म्हणजे मी आरएस मध्ये थोडं इथेनॉल मिसळून स्टेज २ करावं का? आणि कायद्याचं काय?

स्नेहल_पुणे

थांबा. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, हाय प्रेशर पंप किती इंधन देऊ शकतो ही तिथली भिंत, ती आधी लॉगमध्ये बघा, रेल प्रेशर मागितलेल्याच्या खाली जातंय का. आणि तुमच्या गिअरबॉक्सला कंपनीने टॉर्कची मर्यादा ठेवलेली आहे, स्टेज १ लाच तुम्ही तिच्या पुढे गेला असाल. पुढे जायचं तर क्लच आणि गिअरबॉक्सचा मॅप आधी.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी हेच पुढे करेल. हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

यंत्रवेडा

इकडे व्हिक्टोरियात व्हीएएसएस म्हणून योजना आहे, मान्यताप्राप्त इंजिनिअर गाडी तपासून सर्टिफिकेट देतो. काम सुरू करायच्या आधीच त्याच्याकडे जाऊन आलो, काय चालेल काय नाही विचारून घेतलं. झाल्यावर गेलं की परत काढायची वेळ येते.

यंत्रवेडा (तीन आठवड्यांनी)

ब्लॉक आला. बोअरमध्ये उजेड टाकून बघितलं तर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी इतकी सारखी होती की बराच वेळ बघतच राहिलो. सीसी आता २५९८ च्या आसपास.

मागच्या शनिवारी पिस्टनच्या रिंगा घासल्या, टोकांमधली फट हवी तेवढी करायला. हे काम दुसऱ्याकडे द्यायचं नाही असं ठरवलेलं. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून खाली ढकलून सरळ करायची, फीलर गेज घालायचं, काढायची, घासणीवर हँडलचे दोन फेरे, टोकाला उठलेली धार बारीक दगडाने उतरवायची, पुसायची, परत आत. बूस्टच्या इंजिनात वरची रिंग जास्त तापते, फट कमी राहिली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडा उचकटते. मी ०.५२ मिमी ठेवली. बारा रिंगा, सकाळी नऊला बसलो ते उठलो तेव्हा चार वाजले होते. मुलगी मध्येच येऊन कुठली रिंग कुठल्या सिलिंडरची ते डब्यांवर मार्करने लिहून गेली.

मग बेअरिंग क्लिअरन्स सगळे मोजले, एक मेन घट्ट वाटला म्हणून शेल बदलून परत मोजला. ऑइल पंपाचा आतला गिअर क्रँकच्या ज्या सपाट बाजूंवर बसतो तिथली पकड सुरुवातीच्या आर३२ मध्ये अरुंद होती, आर३३ ला रुंद आहे, तरी निळी शाई लावून बघितलं पुरी बसते की नाही. लिमिटरवर (आरपीएमची वरची हद्द) इंजिन आपटत ठेवलं की क्रँकच्या थरथरीने हाच गिअर फुटतो. त्यामुळे लिमिटर ७८०० ला आणि तिथे जायचं नाहीच.

कोल्हापुरी_पिस्टन

पोरीला सांग कोल्हापूरच्या काकांनी शाब्बास म्हटलंय. पहिल्यांदा चालू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरव, प्रेशर काट्यावर दिसल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही.

यंत्रवेडा (अडीच महिन्यांनी)

तसंच केलं दादा. प्लग काढून, इंजेक्टरचा प्लग ओढून, दहा दहा सेकंद फिरवलं, चौथ्या वेळी काटा हलला. मग चालू केलं. वीस मिनिटांनी तेल बदललं, फिल्टर कापला. बांधणीचं ग्रीस आणि अगदी बारीक राखाडी धूळ, बास. पहिल्या ५० किलोमीटरनंतर परत, ५०० नंतर परत.

डायनोवर (पॉवर मोजायचं यंत्र) गेल्या आठवड्यात गेलो. दीड बारला चाकांवर ३९१ किलोवॅट, टॉर्क ठरवलेल्या हद्दीत. ट्यूनर हेडफोन लावून नॉक ऐकत होता, म्हणाला अजून थोडा बूस्ट दिला तर ४०० चा आकडा छापून देतो, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. इंजेक्टर ६९ टक्क्यांवर आहेत, आत येणारी हवा ४८ अंश, सगळीकडे जागा शिल्लक आहे, ती तशीच राहू दे.

आणि काल विंटन. पहिल्या सेशनला बूस्ट कमी ठेवून फक्त लॉग केलं. दुसऱ्या सेशनला पुरा बूस्ट. तेच लांब वळण, तिसऱ्या गिअरला, ६५०० च्या वर, मी रस्त्याकडे बघत होतो पण अर्धं लक्ष काट्यावरच. संध्याकाळी लॅपटॉपवर लॉग उघडला. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये त्या वळणात सगळ्यात कमी प्रेशर ४.३ बार, तेल १०८ अंश. कॅच कॅनमध्ये दोन चमचे तेल.

फिल्टर आज रात्री काढतोय. कापून कागद फडक्यावर उलगडला की फोटो टाकतो, चमकी असली तरी आणि नसली तरी.